हक्क मागणारा मुलूख

अजिंठ्याच्या लेण्यांपाशी वळण घेणारी वाघूर नदी डोंगर उतरते, पहूरवरून पुढे जाते आणि तापीला मिळते. आज या वाटेवर जिल्हा बदलल्याची पाटी तेवढी दिसते. १९४७ पूर्वी मात्र ही नदी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाहत होती. वरचे अजिंठा आणि फर्दापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. खालचे पहूर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात, पूर्व खानदेश जिल्ह्यात. शेतातले पीक तेच, बाजार तोच, सोयरीकही घाटाच्या वर-खाली होत असे. पण वरचा माणूस निजामाची रयत आणि खालचा इंग्रज बादशहाची प्रजा. १५ ऑगस्ट १९४७ ला पहूर स्वतंत्र झाले. फर्दापूरला त्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावे लागले. काही कोसांच्या अंतरात तेरा महिन्यांचा फरक पडला.

खानदेशातल्या सत्याग्रहांची, मोर्चांची आणि कायदेभंगाची ही ओळख लिहायला घेताना मी पहूरपासून निघतो, ते या फरकासाठी. हैदराबाद संस्थानात ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने जाहीर सभेलाच आधी परवानगी लागे. ती मिळेपर्यंत सभेचे कारण शिळे होऊन जाई. ब्रिटिश मुलुखात सभा भरवता येई, मग तिच्यावर बंदी येई. लेख छापता येई, मग त्यावर खटला भरला जाई. हा फरक पाहून इंग्रज राज्याला उदार म्हणण्याचे कारण नाही. ज्या राज्याने १९०८ साली दोन-चार अग्रलेखांसाठी टिळकांना सहा वर्षे मंडालेला पाठवले, त्याच्या उदारपणाचे गोडवे मराठी माणसाने गाऊ नयेत. पण सभा भरणे आणि तिच्यावर बंदी येणे यांच्यामध्ये जी फट होती, तिच्यात खानदेशातल्या माणसांनी पाय रोवला. दर वेळी थोडी अधिक जागा मिळवली. या पुस्तकात त्या जागेचा इतिहास आहे.

स्वातंत्र्याचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर दिल्ली, लंडन, गोलमेज परिषद आणि व्हाइसरॉयचा बंगला येतो. खानदेशात हा प्रश्न नेहमी हाताशी असलेल्या गोष्टींवरून उभा राहिला : शेताचा सारा, जंगलातले लाकूड, गिरणीतली मजुरी, देवळाचा उंबरठा, टांग्यातली जागा. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी कोणीतरी चारचौघांत उभे राहून मागणी केली, आणि त्याची किंमत मोजायची तयारीही उघडपणे दाखवली. मला या पुस्तकातून एकच गोष्ट वाचकाच्या मनावर ठसवायची आहे : हक्क मागण्याची ही सवय परक्या सरकारपुरती कधीच नव्हती. ज्यांनी ती लावली त्यांनी ती आपल्या माणसांच्या सरकारपुढेही सोडली नाही.

सुरुवात फार मागे जाते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यानंतरची कित्येक वर्षे सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतल्या भिल्लांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभारून, धरणगावला तिचे ठाणे करून, तो बंदोबस्त केला. तरीही १८५७ च्या धामधुमीत खाज्या नाईक उठला आणि एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यातल्या आंबापाणीला लढाई झाली. तो शस्त्रांचा इतिहास आहे आणि त्याला स्वतंत्र पुस्तक हवे.

या पुस्तकाचा धागा सुरू होतो १८५७ च्या आधी पाच वर्षे, १८५२ साली. सरकारने खानदेशात जमिनीची नवी मोजणी सुरू केली. मोजणी म्हणजे आकारणी आणि आकारणी म्हणजे सारा, हे कुणब्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सावदा, यावल, फैजपूर, एरंडोल या भागांत लोक मोठ्या संख्येने जमले आणि मोजणी थांबवा असे अधिकाऱ्यांना सांगू लागले. सरकारी कागदांत या प्रकाराला दंगा म्हटले आहे. अखेर फौज आली, पुढारी पकडले गेले आणि मोजणी पुढे चालू राहिली. पराभवच झाला. पण तेव्हा काँग्रेस जन्माला यायची होती, आणि गांधीजींचा जन्मही व्हायचा होता. सारा कोणत्या हिशेबाने ठरवता, हा प्रश्न खानदेशी शेतकऱ्याने तेव्हाच सरकारला विचारला होता. फैजपूर हे नाव वाचकाने लक्षात ठेवावे. चौऱ्याऐंशी वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले तेव्हा समुद्र नसलेल्या मुलुखांपुढे प्रश्न उभा राहिला की आपण कोणता कायदा मोडायचा. महाराष्ट्राने त्याचे उत्तर जंगलात शोधले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापले. २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. डोंगरातले गवत आणि सरपण काढणे हा गुन्हा कसा, हा प्रश्न डोंगराकडेच्या प्रत्येक गावाला समजणारा होता. मिठाचा कर ज्याला दूरचा वाटत होता, त्यालाही मोळी जप्त होण्याचा अनुभव होता.

याच १९३० साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातल्या एका शिक्षकाने नोकरी सोडली. पांडुरंग सदाशिव साने कोकणातल्या पालगडचे. १९२४ पासून अमळनेरला शिकवत होते. ते जन्माने खानदेशी नव्हते, पण खानदेशाने ज्यांना आपले मानले त्यांत त्यांचे नाव पहिले येते. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते आणि विनोबाही तिथेच होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली, एकूण अठरा. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून ती आज आपल्या हातात आहेत. धुळ्याचा तुरुंग हे खानदेशातले त्या काळचे सर्वांत मोठे विद्यापीठ होते असे म्हटले तर मला अतिशयोक्ती वाटत नाही. तिथे शेतकरी, व्यापारी, वकील, मास्तर एकाच बराकीत बसून ऐकत होते. बाहेर त्यांना एकत्र बसवील अशी जागा फारशी नव्हती. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली.

आता फैजपूर. १९३६ च्या डिसेंबरात २७ आणि २८ तारखेला काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन तिथे भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. गांधीजींचा तसा आग्रह होता. शंकरराव देव, धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी आणि असंख्य कार्यकर्त्यांनी तो आग्रह खरा करून दाखवला. धनाजी नाना खिरोद्याचे. पोलिस खात्यातली नोकरी सोडून ते चळवळीत आलेले. कायदा राखणारा माणूस कायदेभंगाच्या बाजूला येतो तेव्हा सरकारचे किती नुकसान होते, ते आकड्यांत सांगता येत नाही.

अधिवेशनासाठी उभारलेल्या नगराला टिळकनगर नाव दिले होते. शांतिनिकेतनाहून नंदलाल बसू आले आणि त्यांनी बांबू, चटया, गवत असल्या गावात मिळणाऱ्या वस्तूंतून ते सजवले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलांनी ओढलेल्या रथातून निघाली. प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी नंदबाबूंच्या कामाची मनापासून वाखाणणी केली. मोठ्या शहरांतले मंडप, वीज, गाद्यागिरद्या यांना सरावलेल्या पुढाऱ्यांना सावद्याच्या स्टेशनावर उतरून धुळीच्या रस्त्याने जावे लागले. खानदेशच्या शेतकऱ्याला प्रथमच असे वाटले की राजकारण आपल्या खळ्यापर्यंत आले आहे. फैजपूरचे हे वर्णन बहुतेकांनी शाळेत वाचलेले असते.

ज्याची आठवण फारशी निघत नाही ती गोष्ट अशी. त्याच दिवसांत अखिल भारतीय किसान सभेचेही अधिवेशन फैजपूरला भरले होते. प्रा. एन. जी. रंगा त्याचे अध्यक्ष होते. त्यासाठी सुमारे पाचशे शेतकरी मनमाडहून पायी निघाले. भुस्कुटे आणि बुखारी त्यांचे म्होरके होते. दोनशे मैलांहून अधिक वाट गावोगाव सभा घेत, किसान सभा म्हणजे काय हे समजावत ते चालत आले. फैजपूरला त्यांच्या स्वागताला नेहरू, शंकरराव देव, मानवेंद्रनाथ रॉय, आचार्य नरेंद्र देव, डांगे, युसूफ मेहेरअली हे सगळे उभे होते. गांधीवादी, समाजवादी, साम्यवादी आणि कोणत्याच वादात न बसणारे रॉय, ही मंडळी पुढे एकमेकांपासून किती दूर गेली ते आपण जाणतो. त्या दिवशी त्यांना एका रांगेत आणले ते चालून आलेल्या शेतकऱ्यांनी.

मंडप आणि मोर्चा यांत मला मोर्चा अधिक मोलाचा वाटतो. मंडपात देशाची घटना जनतेने निवडलेल्या घटना समितीने करावी ही मागणी झाली, १९३५ चा कायदा नाकारला गेला. ते थोरच होते. पण सारा आणि खंड कमी करा, कर्जाचा बोजा उतरवा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या, शेतकऱ्यांना स्वतःची संघटना करण्याचा हक्क द्या, असा जो शेतीविषयक कार्यक्रम काँग्रेसने फैजपूरला मंजूर केला, त्याच्यामागे ही चालणारी पावले होती. १८५२ मध्ये ज्या फैजपुरात साऱ्याच्या भीतीने जमलेल्या लोकांचे पुढारी पकडून नेले होते, त्याच फैजपुरात १९३६ मध्ये देशातला सर्वांत मोठा पक्ष सारा कमी करण्याचा ठराव करत होता. एवढे अंतर कापायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली.

ठराव करणे सोपे असते. काही आठवड्यांतच, १९३७ च्या सुरुवातीला, निवडणुका झाल्या आणि जुलैत मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. आपली माणसे खुर्चीवर बसली. १९३८ मध्ये पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके बुडाली, आणि सारा माफ करा अशी मागणी घेऊन शेतकऱ्यांमध्ये कोण फिरत होते? साने गुरुजी. त्याच वर्षी त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक सुरू केले होते. पत्राचे नाव काँग्रेस, सरकार काँग्रेसचे आणि त्याच सरकारपुढे उभी राहिलेली मागणी शेतकऱ्यांची! आपल्याच मंत्रिमंडळाला अडचणीत कशाला आणायचे, असे म्हणणारे तेव्हाही होते. गुरुजींचे मन पक्षावर होते, पण त्यांची बांधिलकी ज्याचे पीक गेले त्याच्याशी होती. अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांसाठीही ते असेच उभे राहिले.

त्याच १९३८ च्या ७ नोव्हेंबरला मुंबईत याच सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कामगारांनी एक दिवसाचा संप केला. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी त्यात एकत्र होते. पोलिसांनी गोळीबार केला. स्वातंत्र्य मिळायच्या नऊ वर्षे आधीच महाराष्ट्राला हा धडा मिळाला होता, की सरकार आपले झाले म्हणून बंदूक आपोआप खाली येत नाही. माझ्या मते १९४२ इतकेच महत्त्व १९३८ ला दिले पाहिजे. पाठ्यपुस्तकांत ते दिले जात नाही, कारण त्या वर्षात खलनायक म्हणून दाखवायला गोरा साहेब सापडत नाही.

बाबासाहेबांचे नाव आले तर चाळीसगावची हकीकत टाळता येणार नाही. ऑक्टोबर १९२९. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या अडचणींची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. धुळ्याकडचे काम आटोपून परतताना चाळीसगावच्या लोकांच्या आग्रहावरून ते तिथे उतरले. स्टेशनावरून वस्तीकडे न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. महाराला टांग्यात घेऊन हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. नाल्यावरच्या पुलाशी टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. बॅरिस्टर झालेला, सरकारी समितीचा सभासद असलेला माणूस एका टांगेवाल्याच्या लेखी खालचाच कसा राहतो, हे त्यांनी त्यात दाखवले आहे.

कायदेभंगाच्या इतिहासात हा टांगा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. तर त्याचे कारण असे. १९३० साली खानदेशात इंग्रजांचा कायदा मोडून तुरुंगात जाण्याची तयारी असलेल्या किती तरी माणसांची गावातला तो दुसरा कायदा मोडायची तयारी नव्हती. महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ ला जे झाले, तो नागरी प्रतिकारच होता, आणि दांडीच्या तीन वर्षे आधीचा. साने गुरुजींनी हे ओळखले. म्हणून देश स्वतंत्र व्हायला तीन-साडेतीन महिने उरले असताना, १ मे १९४७ ला ते पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी. दहा दिवसांनी ती मान्य झाली. सत्तांतराच्या धांदलीत हा कसला हट्ट, असे म्हणणाऱ्यांना त्यांच्या उपोषणाने उत्तर दिले : ज्याला देवळात जाता येत नाही, त्याच्या हाती नुसती मतपत्रिका देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही.

१९४२ बद्दल मी इथे थोडेच लिहितो; पुढच्या पानांत ते सविस्तर आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. ‘चले जाव’च्या ठरावाला महिना झाला होता. पोलिसांच्या गोळ्यांनी शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा या पाच मुलांचा बळी घेतला. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता आणि त्याच्या हातात झेंडा होता. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशातले गाव. घरात गुजराती बोलणारी आणि मराठी बोलणारी मुले एकाच मिरवणुकीत चालत होती.

त्याच काळात चळवळीचा दुसरा रस्ताही खानदेशातून गेला. डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील यांनी भूमिगत राहून काम केले. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ अडवून साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम ताब्यात घेण्यात आली. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे सैनिक त्यात सामील होते. याला सत्याग्रह म्हणता येणार नाही आणि ते तसे म्हणवूनही घेत नव्हते. मी त्यांच्या धैर्यापुढे मान तुकवतो. पण या पुस्तकाच्या विषयाच्या दृष्टीने नंदुरबारची मिरवणूक आणि चिमठाण्याचा खजिना वेगवेगळे ठेवले पाहिजेत असे माझे मत आहे. मिरवणुकीतल्या मुलांनी जे केले ते आज, उद्या, कोणत्याही सरकारसमोर करता येते आणि केले पाहिजे. खजिना लुटणे हे त्या राज्याला राज्यच न मानण्याचे पाऊल होते. लोकशाहीत ते अनुकरणीय होऊ शकत नाही. दोन्हींना एकाच हाराने सजवून आपण तरुणांचा गोंधळ करतो.

आणि इकडे पहूरच्या वरच्या अंगाला? १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने स्थापनेवरच्या बंदीविरुद्ध सत्याग्रह केला. त्याच वर्षी संस्थानातल्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी वर्ग सोडले, वसतिगृहे सोडली, शिक्षणही सोडले. स्वामी रामानंद तीर्थ वारंवार तुरुंगात गेले. सभेची फट नसलेल्या राज्यात लढा शेवटी रझाकारांच्या अत्याचारापर्यंत आणि फौजेच्या कारवाईपर्यंत पोचला. उघड मागणीचा रस्ता बंद केला की गोष्टी कुठवर जातात, ते अजिंठ्याचा घाट उतरून इकडे आलेल्यांनी पाहिले होते.

कायद्याच्या एका गोष्टीकडे मला वाचकाचे लक्ष वेधायचे आहे. इंग्रजांनी १८६० मध्ये हिंदुस्थानसाठी दंडसंहिता केली. तिच्याच साच्यातून सिंगापूर, मलाया, ब्रह्मदेश इथले फौजदारी कायदे निघाले. राजद्रोहाचे १२४-अ कलम तिच्यात १८७० मध्ये घातले गेले. राज्ये गेली, कलमे राहिली. आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ कलमाची जमावबंदी स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तिचा क्रमांक १६३ झाला एवढेच. १९५१ च्या पोलिस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली सणासुदीला आणि आंदोलनाच्या दिवसांत निघणारे मनाई आदेश जळगाव-धुळ्याच्या वाचकाला वर्तमानपत्रांत नेहमी दिसतात. शांतता राखणे हे सरकारचे कामच आहे. पण प्रत्येक आदेश वाचताना नागरिकाने त्याचे कारण विचारले पाहिजे, कारण संविधानाच्या १९ व्या कलमाने त्याला बोलण्याचा आणि शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे.

परके राज्य गेले तरी बंदी राहते, हे इतर वसाहतींतही दिसले. आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये क्वामे एन्क्रुमा यांनी गांधीजींपासून स्फूर्ती घेऊन जानेवारी १९५० मध्ये संप आणि बहिष्काराची चळवळ केली. ते तुरुंगात गेले आणि तुरुंगात असतानाच १९५१ ची निवडणूक जिंकले. ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी त्यांच्या सरकारने प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा केला, आणि घानाच्या स्वातंत्र्य चळवळीतले ज्येष्ठ पुढारी जे. बी. डँक्वा १९६५ मध्ये स्वदेशी तुरुंगात मरण पावले. आपण घानाकडे बोट दाखवायला नको. आपला प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा १९५० चा, मिसा १९७१ चा, आणि जून १९७५ ते मार्च १९७७ ची आणीबाणी आपल्याच लोकांनी लादलेली. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक त्या काळात यदुनाथ थत्ते यांच्या संपादनाखाली सेन्सॉरशी झगडत होते. गुरुजी ११ जून १९५० ला गेले होते. त्यांची सवय मात्र त्या कचेरीत टिकली होती.

खानदेशातही ती टिकली. १९७१-७२ मध्ये शहादा तालुक्यात गमावलेल्या जमिनी आणि मजुरी यांसाठी भिल्ल शेतमजूर अंबरसिंग महाराजांबरोबर उठले, पुढे श्रमिक संघटना उभी राहिली. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली तेहतीस गावे जाणार होती. त्यातले पहिले मणिबेली अक्कलकुवा तालुक्यात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात. मेधा पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलनाबरोबर तिथले आदिवासी वर्षानुवर्षे चढत्या पाण्यासमोर बसले. १९९३ मध्ये जागतिक बँकेचे या प्रकल्पाचे उरलेले कर्ज बंद झाले. धरण पूर्ण झालेच. या लढ्याला अपयशी म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की, पुनर्वसन हा शब्द सरकारी भाषेत वजनदार कोणी केला? मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या हजारो शेतकऱ्यांत वनजमिनीचा हक्क मागणारे आदिवासी मोठ्या संख्येने होते. मनमाड-फैजपूरच्या त्या पाचशे जणांचे नाव त्यांनी ऐकले असेल-नसेल. त्यांची मागणी मात्र तीच होती : जमीन, कर्ज, पोटापुरता मोबदला.

लहान गोष्टीही मी इथे मोजतो. पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडी, आमच्या लोकांची ‘पी.जे.’, पहूरवरून शंभर वर्षे धावली. एके काळी अजिंठा पाहायला येणारे प्रवासी पहूरच्या स्टेशनावर उतरत. २०२० मध्ये ती थांबली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून या भागातल्या लोकांनी निवेदने दिली, आंदोलने केली. कोणाला यात इतिहास दिसणार नाही. मला दिसतो. जो माणूस आपल्या गाडीसाठी निवेदनावर नाव-गाव घालून सही करतो, तो १८५२ च्या फैजपूरकरांचा वारस आहे.

या पुस्तकात उणीव आहे आणि ती मोठी आहे. तुरुंगात गेलेल्यांची नावे सरकारी दप्तरांत मिळतात. भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या बायका, पत्रके वाटणारी पोरे, सभेसाठी आपले खळे देणारे शेतकरी, दवंडी देताना बंदीचा हुकूम मुद्दाम हळू आवाजात वाचणारे गावकामगार यांची नावे दप्तरांत नसतात. ती घराघरांत आहेत, आणि ज्यांना आठवतात ती माणसे आता फार थोडी उरली आहेत.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात १९७२ साली मिळालेला ताम्रपट असेल, तुरुंगातून आलेले पत्र, दंडाची पावती, जप्तीची नोटीस, एखाद्या सभेचे फाटके पत्रक असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. त्याची प्रत काढून गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवा. आजी-आजोबांना विचारा, त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करा, त्यांच्याच बोलीत, अहिराणी असो की तावडी. आणि आज तुमच्या गावात जो मोर्चा निघतो, जे निवेदन दिले जाते, त्याचीही तारीख, मागणी आणि आलेले उत्तर लिहून ठेवा. पुढच्या आवृत्तीत ते घालायचे आहे.